पडू दे खाडा

पलूस तालुक्यात नाटकाचा विषय निघाला की बोलणारा आधी नागठाण्याचं नाव घेतो. कृष्णाकाठचं हे गाव बालगंधर्वांचं, त्यामुळे घ्यायलाच हवं. मग शालू, अत्तरं, गालिचे, शेवटी गंधर्व मंडळीच्या डोक्यावरचं कर्ज, अशा ठरलेल्या थांब्यांवर थांबत गप्पा संपतात. पण नागठाण्याहून मोटारसायकलीवर निघावं, पलूस ओलांडावं, किर्लोस्करवाडी मागे टाकावी आणि कुंडलला पोचावं. वाटेत चहाला थांबलं तरी फार वेळ लागत नाही. एवढ्याशा टापूत रंगभूमीचे तीन स्वभाव शेजारी शेजारी आहेत, आणि आपण त्यांतल्या एकाचीच आरती करत बसतो.

किर्लोस्करवाडी तशी नाटकाची नव्हे, नांगराची. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला. मात्र आडनावाचा एक योग आहे. ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर बाजारात आणणारे लक्ष्मणराव, दोघंही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. एकाच गावातून मराठी मुलखाला संगीत नाटकही मिळालं आणि कारखान्याचा भोंगाही. त्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांची पुढे तिसरी-चौथी पिढी आली. नांगरानंतर पंप आले, पंपांमुळे नदीचं पाणी माळावर चढलं, माळावर ऊस आणि द्राक्षं आली आणि त्यांच्यामागून मजुरांच्या टोळ्या आल्या. आज पलूसच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता उभं राहिलं तर डबे घेऊन औद्योगिक वसाहतीकडे निघालेली माणसं एका बाजूला, आणि टेंपोत उभ्यानं बागेत चाललेल्या बायका दुसऱ्या बाजूला दिसतात.

आणि कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं ठाणं. जी. डी. बापू लाड इथलेच. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला सरकारी पगाराची गाडी लुटणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेतली पोरं म्हणजे शेतकऱ्या-मजुरांच्या घरातली पोरं. या चळवळीत शाहिराचा डफ सभेआधीच्या करमणुकीपुरता नव्हता. छापलेलं पत्रक वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बातमी, बोध आणि धीर या तिन्ही गोष्टी तो डफच पोचवत होता. शाहीर शंकरराव निकमांचं नाव आमच्याकडची म्हातारी माणसं आजही पुढाऱ्यांच्या नावांबरोबर घेतात. त्याच्याही आधी सातारा भागात सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरलेले होते. तमाशाचाच बाज, पण राधाकृष्णाच्या जागी सावकार, भटजी आणि अडाणी कुणबी. ना पडदा, ना गालिचा. देवळापुढची मोकळी जागा आणि टेंभा, एवढ्यात काम भागे.

तर ज्याला आज आपण ‘स्वतंत्र रंगभूमी’, ‘प्रायोगिक नाटक’ वगैरे म्हणतो, ते आमच्या मातीला नवं नाही. कुणा शेठजीच्या पैशावाचून, कुणा संस्थेच्या शिक्क्यावाचून, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेलं नाटक इथं होऊन गेलं आहे. अडचण वेगळीच आहे. नाटकाला पैसा लागतो हे सगळे सांगतात. त्याआधी वेळ लागतो, आणि कष्टकऱ्याकडे नेमकी त्याचीच टंचाई असते.

आमच्या गल्लीत एका वर्षी गणपतीत नाटक बसवायचं ठरलं. सावकाराच्या भूमिकेला शोभेल असा आवाज एकाच माणसाचा, आणि तो फाउंड्रीत मोल्डिंगवर. बोलवायला गेलो तर म्हणाला, “भाऊ, तालमीचं जमवू कसंबी. पर प्रयोगाच्या रात्री माझी नाइट हाय. खाडा पडतोय.”

“मग कसं करायचं दादा?”

तो थोडा वेळ गप्प बसला. आत बायकोकडं एकदा बघितलं. “पडू दे खाडा,” म्हणाला.

नाटक यथातथाच झालं. पण तेव्हापासून मला नाट्यसृष्टीच्या अर्थकारणावरची भाषणं ऐकताना चुळबुळ होते. निर्माता, प्रायोजक, अनुदान, सभागृहाचं भाडं, या सगळ्या रकमा हिशेबात येतात. त्या माणसाची बुडालेली हजेरी कुठल्याच वहीत आली नाही. आणि तो तर पुरुष, कायम नोकरीतला. द्राक्षबागेत विरळणीला जाणारी बाई नाटकात काम करील असं आम्हा मंडळींच्या मनातही आलं नव्हतं. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत तिचा दिवस बागायतदाराचा आणि संध्याकाळ चुलीची. ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर आणखी विचित्र. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात आणि त्याच सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाव सोडून आमच्याकडे येतात. म्हणजे महाराष्ट्रात खेळ रंगायला लागतात तेव्हा ही माणसं पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन उसात शिरलेली असतात. पाडवा उलटून गावी परततात तेव्हा खेळांचा बराचसा हंगाम सरलेला असतो.

कष्टकऱ्याच्या वेळेची ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट ओळखली ती सत्यशोधकांनी. नारायण मेघाजी लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. त्यांच्या धडपडीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण त्या सुट्टीकडे विश्रांतीचा हक्क म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. मला तिच्यात तालीमही दिसते. गिरणगावात पुढे भजनी मंडळं, शाहिरांचे फड, कामगारांची हौशी नाटकं उभी राहिली. घाटावरच्यांनी आपला तमाशा नेला आणि कोकण्यांनी आपलं नमन-दशावतार. हे सगळं आठवड्यातला एक दिवस स्वतःचा झाल्याशिवाय कसं झालं असतं?

खुद्द जोतीरावांनी नाटक लिहिलं होतं, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीत राहणाऱ्याला १८४३ हे साल पाठ असतं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’, सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात देव-देवता नाहीत. गरोदर बायको असलेला एक कुणबी, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मध्ये मध्ये तोंड घालणारा विदूषक आहे. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. रात्रीच्याच, कारण दिवस त्यांचा नव्हता. दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. ते छापून लोकांसमोर आलं १९७९ साली. एका नाटकाला राजाश्रय मिळाला आणि दुसऱ्याला सव्वाशे वर्षांचा अज्ञातवास. तो राजाश्रयही टिकला नाही. चिंतामणराव गेल्यावर भाव्यांचा आधार सुटला आणि त्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. आश्रय संपला तेव्हा मराठी नाटक खऱ्या अर्थानं पायावर उभं राहिलं, असंही म्हणता येईल. पण ते तिकीट काढणारा तेव्हाही फाउंड्रीतला माणूस नव्हता.

हे सगळं मनात घोळायचं कारण ‘सत्यशोधक’. गो. पु. देशपांडे यांचं, जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यावरचं नाटक. गोपु वाढले सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात, आणि फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. येरळा याच खटाव तालुक्यातून खाली येते आणि आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, म्हणून या दोघांनाही आम्ही आमचेच म्हणतो. दिल्लीच्या जन नाट्य मंचानं हे नाटक हिंदीत केलं होतं. जन नाट्य मंच म्हणजे सफदर हाश्मींचा संच. साहिबाबादजवळ कामगार वस्तीत पथनाट्य चालू असताना १ जानेवारी १९८९ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी सफदर गेले. त्या हल्ल्यात राम बहादूर नावाचा एक कामगारही मारला गेला. ४ जानेवारीला त्याच जागी, त्याच लोकांसमोर, तोच प्रयोग मंडळींनी पुन्हा केला.

मराठीत २०१२ मध्ये अतुल पेठ्यांनी ‘सत्यशोधक’ बसवलं, तेव्हा नटसंच कुठून घेतला? पुणे महानगरपालिका कामगार युनियनमधून. जोतीरावांच्या भूमिकेत ओंकार गोवर्धन आणि सावित्रीबाईंच्या भूमिकेत पर्ण पेठे. भोवतीची मोठी फळी शहराचे रस्ते झाडणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या, गटारं साफ करणाऱ्या कामगारांची. ही ओळख अचानक झालेली नव्हती. पेठ्यांनी त्याआधी याच कामगारांवर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता, आणि मुक्ता मनोहर यांच्यासारख्या कार्यकर्त्या या युनियनमध्ये वर्षानुवर्षं राबत होत्या. ज्यांना शहर नाकाला रुमाल लावून ओलांडतं, ती माणसं कामावरून सुटल्यावर तालमीला बसली. संवाद पाठ केले, पोवाड्याच्या चालीत गायला शिकली, आणि प्रयोग घेऊन महाराष्ट्रभर हिंडली.

आणखी एक गोष्ट यात गुंफलेली आहे. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याच्या ठरावाला त्यांनी एकट्यानं विरोध केला होता. त्याच पालिकेच्या झाडूवाल्यांनी सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्यांची गोष्ट रंगमंचावर मांडली. असे योग कुणी ठरवून जुळवत नाही. पण जुळले की नाटकाला नाटकापलीकडचं वजन येतं.

मला या प्रयोगातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र दुसरीच वाटते. सफाई कामगारांना घेऊन नाटक करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गटार, दारू, कर्ज, अकाली मरण. म्हणजे त्यांचं दुःख. प्रेक्षकानं हळहळावं, डोळे पुसावेत, मध्यंतरात वडा खाऊन परत आत यावं. इथं या कामगारांनी आपलं रडगाणं मांडलंच नाही. त्यांनी महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा वाद मांडला. शिक्षण कुणाचं, देव कुणाचा, पाणी कुणाचं, हे प्रश्न त्यांनी आमच्याकडे बघून विचारले. दया मागणारा हात पुढे आला असता तर आम्ही त्यावर काहीतरी ठेवून मोकळे झालो असतो. प्रश्न विचारणाऱ्याला असं वाटेला लावता येत नाही.

परवा एका पुण्याच्या मित्राचा फोन आला होता. तो नाटकवाला, मनानं चांगला. म्हणाला, “तुमच्याकडं एवढं मटेरियल आहे, तुम्ही महापुरावर का करत नाही? लोकांना भिडेल.” २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. मी म्हटलं, करायला हवंच. जे भोगलं ते बोललंच पाहिजे. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट खुपत राहिली. पुण्या-मुंबईच्या माणसानं प्रेमावर, सत्तेवर, देवावर, मरणावर, कशावरही नाटक करावं. पलूसच्या माणसानं पुरावर, दुष्काळावर आणि आत्महत्येवर. कामगारानं कामगाराच्या हालांवर. स्वतःचं दुःख हेच तेवढं तुझ्या वाट्याचं भांडवल, बाकीचं जग आमचं, असा हा अलिखित करार आहे. कष्टकऱ्यानं रंगमंचावर येऊन फक्त आपल्या जखमा दाखवाव्यात, ही अपेक्षासुद्धा एक वेठबिगारीच आहे. गोड बोलून करवून घेतलेली.

याचा अर्थ हालअपेष्टांची नाटकं नकोत असा नाही. जयंत पवारांचं १९९७ चं ‘अधांतर’ आठवावं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि गिरणगाव कोसळलं. पवारांनी ना मोर्चा दाखवला ना गिरणी. चाळीतलं एक घर दाखवलं. आई, तीन मुलगे, एक मुलगी. एक लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात, एक गुंडगिरीत. त्या घरातलं कुणीही कीव करण्याजोगं नाही. सगळी हट्टी, चुकणारी, एकमेकांना लागेल असं बोलणारी जिवंत माणसं आहेत. म्हणून ते नाटक टिकलं. पवार त्याच गिरणगावात वाढलेले. बाहेरून येऊन दुःख टिपून नेणाऱ्याला अशी माणसं सापडत नाहीत, त्याला फक्त बळी सापडतात.

आणि आमच्या अण्णा भाऊ साठ्यांना तर रडकं नाटक लिहिणं जमलंच नाही. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचं पोर बापाबरोबर पायी मुंबईला गेलं. कोळसे वेचले, फेरीवाल्याची गाठोडी वाहिली, गिरणीत राबलं. त्यानं १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. सोसलेलं कमी नव्हतं. तरी ‘अकलेची गोष्ट’ काय, ‘शेटजींचं इलेक्शन’ काय, सगळीकडे सावकार, शेठ आणि पुढाऱ्यांची टोपी उडवणं चालू. गणात गणपतीच्या जागी श्रम करणाऱ्या माणसाला वंदन, गवळणीला सुट्टी, आणि मग वगात अशी भंबेरी की मैदान हसून लोळावं. ज्याच्यापुढे रोज मान खाली घालायची त्याला एका रात्रीपुरतं हसता आलं की दुसऱ्या दिवशी मान थोडी कमी वाकते. चिवटपणा चिवटपणा म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचा मोठा भाग असा हसण्यात असतो. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशातले हवालदार बघायला आमच्याकडची माणसं बैलगाड्या जुंपून जात, ती काही रडायला नव्हे.

आता व्यवहाराचं बोलू. पेठ्यांच्या प्रयोगामागे युनियन उभी होती. म्हणजे नटांची रजा, तालमीची वेळ, प्रवास, यांची कुणीतरी काळजी वाहत होतं. त्याच वर्षी गाजलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ची मंडळी जालना जिल्ह्यातली, त्यांतले कितीतरी जण शेती करणारे. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, कल्पना शाहीर संभाजी भगतांची. त्या पोरांना मुंबईत टाळ्या मिळाल्या, पण पेरणीच्या दिवसात दौरा आला की काय होतं ते शेतकऱ्यालाच कळेल. राज्य नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाचे नाट्यमहोत्सव आहेत. त्यांनी अनेक हौशी संघ जगवले. पण कंत्राटी कामगार, बागेतली बाई, टोळीतलं जोडपं हे स्पर्धेच्या प्रवेशअर्जापर्यंत पोचतच नाहीत. आज आमच्या वसाहतीसारख्या ठिकाणी कायम कामगार कमी आणि कंत्राटी जास्त, अशीच परिस्थिती वाढते आहे. युनियन नाही तिथं नाटकाला रजा कोण देणार? लोखंड्यांनी मिळवलेला रविवारसुद्धा ओव्हरटाइमच्या नावाखाली हळूहळू परत जातो आहे.

म्हणून ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्याशी थेट बोलतो. गणेश मंडळांनो, वर्गणीतून डॉल्बीवर जे जातं त्याचा थोडा वाटा बाजूला काढा आणि नटाच्या बुडालेल्या हजेरीची भरपाई हा खर्च म्हणून वहीत लिहा, लाजू नका. कारखानदार आणि बागायतदारांनो, तुमच्याकडचं माणूस नाटकात काम करत असेल तर प्रयोगाची रात्र आणि पुढची सकाळ भरपगारी सोडा. साखर कारखान्यांनो, गाळप चालू असताना तळावर एखादा खेळ होऊ द्या, आणि टोळीतल्या कुणाला त्यात उभं राहायचं असेल तर राहू द्या. लिहिणाऱ्या पोरांनो, आपल्या आईबापाच्या हालांवर जरूर लिहा. पण तिथंच थांबू नका. फाउंड्रीतल्या माणसाला राजा करा, खुनी करा, तत्त्ववेत्ता करा, प्रेमात पाडा. बागेतल्या बाईला विदूषकाचं काम द्या. ती काय करील ते बघाच.

आणि प्रेक्षकहो, पास मागू नका. तिकीट काढा. समोर उभा असलेला माणूस खाडा घालून आलेला असतो, त्याच्या एका दिवसाचं मोल आपल्या तिकिटाहून जास्त आहे.